गुरूच्या पश्चात गाणे : पलुसकरांचा वारसा आणि गांधर्व महाविद्यालय मंडळ

एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर असे वर्षातून दोन हंगाम आले की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात काही घरांतून सकाळ-संध्याकाळ तबल्याचे ठेके आणि सरगमचे पाठ ऐकू येऊ लागतात. परीक्षा जवळ आलेली असते. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार अशी ती पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. आपल्या धर्मग्रामांतील काही मुलेमुलीही या वाटेने जात असतात. परीक्षा झाल्यावर घरी येणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ’ हे नाव असते. पुष्कळ पालकांची अशी समजूत असते की दहावी-बारावीच्या मंडळासारखेच हे एखादे सरकारी मंडळ असावे. वस्तुस्थिती तशी नाही. एका गायकाच्या निधनानंतर त्याच्या शिष्यांनी एकत्र येऊन, गुरूचे कार्य मागे पडू नये म्हणून स्थापन केलेली ही संस्था आहे. हे गायक म्हणजे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. मंडळ स्थापन झाले ते १९३१ साली. म्हणजे या संस्थेने नव्वदी केव्हाच ओलांडली आहे. ती कशी उभी राहिली, कशासाठी उभी राहिली आणि तिने नेमके काय राखले, हे वाचकांपुढे मांडावे असे वाटले म्हणून हा लेख.

संगीतकाराचा वारसा जपणे हे इतर कलावंतांचा वारसा जपण्याहून अवघड आहे, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. शिल्पकार गेला तरी शिल्प राहते. वेरूळचे कैलास लेणे कोणी कोरले त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण लेणे समोर उभे आहे. गाणे मात्र गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर संपते. याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शहरापासून काही कोसांवरच आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी, राजा सिंघणाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकात, शार्ङ्गदेव नावाचा एक पंडित होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. दरबारात त्याच्याकडे हिशेबाचे काम असे, आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. स्वर, राग, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य अशा सात अध्यायांत त्याने त्या काळचे सारे संगीतशास्त्र आणून बसविले. काही रचनांचे स्वरही त्याने अक्षरांत लिहून ठेवले. आज उत्तरेतील आणि दक्षिणेतील दोन्ही परंपरा या ग्रंथाला आपला पूर्वज मानतात. ग्रंथ आहे, त्यावर टीका आहेत, भाषांतरे आहेत. आणि तरीही देवगिरीच्या दरबारात त्या रचना प्रत्यक्षात कशा गायल्या जात, हे आज कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. कारण अक्षर उरले, पण ते गाऊन दाखविणाऱ्यांची साखळी तुटली.

याच्या उलट प्रकारही घडतो. साखळी असते, पण लिहिलेले काही नसते. मग प्रत्येक पिढीत थोडे गळते, थोडे बदलते, आणि एखाद्या बुवांबरोबर शंभर चिजा कायमच्या जातात.

हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेलाही नवा नाही. अकराव्या शतकात इटलीत गिदो नावाचा एक बेनेडिक्टाइन संन्यासी मठातील मुलांना स्तोत्रे शिकवीत असे. मुले दहा दहा वर्षे घोकूनही गुरूवाचून एक नवे स्तोत्र गाऊ शकत नाहीत, हे पाहून त्याने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत घडविली, आणि संत योहान बाप्तिस्ता याच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून स्वरांना उत्, रे, मी, फा, सोल, ला ही नावे दिली. पाश्चात्त्य संगीतातील ‘डो-रे-मी’ ही तेथून आली. त्याच्याच मठातील बंधूंना हे रुचले नाही आणि त्याला पोंपोसाचा मठ सोडून आरेत्सो येथे जावे लागले. पुढे पोप योहान एकोणिसावे यांनी मात्र त्याला रोमला बोलावून ती पद्धत पाहिली. गिदोने रेषा दिल्या तरी त्याआधीच्या ग्रेगोरियन गायनाची लय आणि वळणे पुढील शतकांत विस्कटलीच. फ्रान्समधील सोलेम येथील मठवासीयांनी एकोणिसाव्या शतकात जुनी हस्तलिखिते एकमेकांशी ताडून ती पुन्हा जुळवायला घेतली, तेव्हा कित्येक दशके खर्ची पडली.

मोझार्टसारख्या रचनाकाराच्या बाबतीत काम त्या मानाने सुकर होते, कारण त्याने स्वतःच स्वरलिपीत सारे लिहून ठेवले होते. साल्झबर्गची मोझार्टेउम ही संस्था १८८० पासून त्याची हस्तलिखिते आणि पत्रे सांभाळीत आहे. आपल्याकडे रचनाकार आणि गायक एकच, आणि कागद जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणी वारसा सांभाळायचा तर माणसेच घडवावी लागतात. पलुसकरांनी ओळखले ते हेच.

विष्णू दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर झाले. वडील कीर्तनकार होते. लहानपणी दारूकामाचा स्फोट चेहऱ्याजवळ झाला आणि मुलाची दृष्टी जवळजवळ गेली. शाळेची वाट बंद झाली, तेव्हा मिरज संस्थानाच्या अधिपतींच्या आश्रयाने त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकायला पाठविण्यात आले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती याच बाळकृष्णबुवांनी. तेथील शिकवणी म्हणजे वर्षानुवर्षांची सेवा, रियाज आणि गुरूच्या मर्जीप्रमाणे पदरात पडेल तेवढे.

मिरज सोडण्याविषयी चरित्रकार एक हकिगत सांगतात. गावात एक समारंभ होता. राजाश्रयामुळे विष्णू दिगंबरांना निमंत्रण आले, पण त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते ‘नुसते गवई’. शिष्याला हे लागले. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि पुढली काही वर्षे बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा अशी उत्तरेत भ्रमंती केली. वाटेत दरबारी बिदागीवर न विसंबता तिकीट लावून जाहीर जलसे केले. आज हे अगदी साधे वाटते. त्या काळी मात्र गाणे हे एक तर दरबारात किंवा कोठीवर. सभ्य घरातील माणसाने पैसे देऊन सभागृहात बसून ऐकण्याची ती वस्तूच नव्हती.

५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये त्यांनी ‘गांधर्व महाविद्यालय’ उघडले. महाराष्ट्रातला गायक, पंजाबातली शाळा, आणि खर्चाला संस्थानिकांची तिजोरी नव्हे तर लोकांची वर्गणी व जलशांचे उत्पन्न. या शाळेत ठरावीक अभ्यासक्रम होता, ठरावीक वेळापत्रक होते, इयत्ता होत्या, स्त्रियांसाठी वर्ग होते. शिवाय ‘उपदेशक वर्ग’ होता. या वर्गातील तरुण वर्षानुवर्षे गुरुगृही राहत, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार संस्था उचले, आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी बाहेर पडून संगीताचा प्रसार करावा अशी अट असे. सेमिनरीत शिकलेल्या कोणालाही हा नमुना लगेच ओळखू येईल.

शाळा म्हटली की पाठ्यपुस्तक आले, आणि पाठ्यपुस्तक म्हटले की लिपी आली. पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि आपल्याच छापखान्यात पुस्तके छापली. वाचकांपैकी ज्यांनी मुलांच्या वह्या पाहिल्या असतील त्यांना ही लिपी थोडी समजावून सांगतो. मंद्र सप्तकातील स्वरावर टिंब, तार सप्तकातील स्वरावर उभी रेघ. कोमल स्वराला खाली पाय मोडल्यासारखी खूण. स्वराच्या खाली त्याच्या काळाचे चिन्ह: आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, लहान शून्य म्हणजे अर्धी, चंद्रकोर म्हणजे पाव. म्हणजे कोणता स्वर आणि किती वेळ, हे दोन्ही डोळ्यांना दिसते. ज्याला स्वतःला पान वाचणे कठीण होते अशा माणसाने इतरांसाठी ही दृष्टीची सोय केली. त्यांचे समकालीन पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी दुसरी, अधिक सुटसुटीत लिपी केली. त्यांत मंद्राचे टिंब खाली आणि तारेचे वर असते, आणि कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. छपाईला सोपी म्हणून पुढे भातखंडे लिपीच अधिक फैलावली. आज मुले बहुधा हीच लिहितात. काळाची बारीक विभागणी दाखविण्यात मात्र पलुसकरांची लिपी अधिक काटेकोर आहे, असे माझे मत आहे.

रचनाकार म्हणून पलुसकरांचे नाव सामान्य माणसाला ठाऊक असते ते एका चालीमुळे. ‘रघुपती राघव राजाराम’ ही धून आज ज्या रूपात देशभर गायली जाते, ते रूप त्यांच्याकडून आले. ‘वंदे मातरम्’ ते काफी रागात गात. तुलसीदास, सूरदास, मीराबाई यांच्या पदांना त्यांनी रागदारी चाली दिल्या आणि जाहीर जलशाचा शेवट भजनाने करण्याचा प्रघात रूढ केला. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले, तेथील प्रार्थनेचे गायन त्यांनी बसविले, ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली आणि १९३० साली दांडीच्या वाटेवर ते गांधीजींबरोबर चालले. गुरूची चाल शिष्याच्या गळ्यातून राष्ट्राच्या गळ्यात गेली, ती अशी.

१९०८ साली मुंबईत महाविद्यालयाची शाखा निघाली आणि तेथे पलुसकरांनी मोठी इमारत बांधायला घेतली. कर्ज काढले. गाऊन फेडू, असा भरवसा होता, आणि बरीच वर्षे ते दौरे करून, गाऊन हप्ते फेडीतही होते. पण अखेर ते झेपेना. १९२४ साली सावकारांच्या देण्यापायी त्या इमारतीचा लिलाव झाला. आयुष्यभर जोडलेले सारे एका दिवसात गेले. त्यानंतर ते रामनामात अधिकाधिक रमू लागले, नाशिकला आश्रमात राहिले, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

येथे थोडे थांबून परिस्थितीचा विचार करावा. इमारत गेलेली. गुरू गेलेले. पैसा नाही. मुलगा दत्तात्रय दहा वर्षांचा. शिष्य मात्र गावोगाव पांगलेले: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, वामनराव पाध्ये आणि असे कितीतरी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, गाण्याचा ढंगही वेगळा. यांपैकी कोणा एकाला ‘गादी’वर बसविले असते तर कदाचित भांडणे झाली असती. त्यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी अहमदाबाद येथे ते जमले आणि गुरूच्या विद्यालयाच्या नावाने एक मंडळ स्थापन केले. प्रत्येकाने आपापल्या गावी आपापली शाळा चालवावी, पण अभ्यासक्रम एक असावा, परीक्षा एक असावी आणि परीक्षक बाहेरगावचा असावा. १९३२ साली विनायकरावांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, आणि १९३९ साली विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्लीत. देवधरांची शाळा मुंबईत आधीपासून होतीच; कुमार गंधर्व घडले ते तेथे.

मालमत्ता नसणे हेच या मंडळाचे बळ ठरले असे मला वाटते. लिलावात निघावे असे त्यांच्याजवळ काही उरलेच नव्हते. पुढे मिरज व नवी मुंबईतील वाशी येथे मंडळाच्या वास्तू झाल्या, ‘संगीत कला विहार’ हे मासिक निघाले, तरी मंडळाचे खरे शरीर म्हणजे ठिकठिकाणच्या लहान लहान शाळाच होत. एखाद्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत हार्मोनियम आणि तबला घेऊन बसलेला शिक्षकही या शरीराचा अवयव असतो.

दत्तात्रय विष्णू पलुसकर यांची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. वडील गेले तेव्हा मुलाला त्यांच्याकडून मिळाली होती ती केवळ सुरुवात. बाकीचे गाणे त्याने वडिलांच्या शिष्यांकडून, विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून घेतले. म्हणजे बापाचा वारसा मुलाकडे आला तो रक्तातून नव्हे, तर शिष्यांच्या हातून. १९५२ सालच्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्याबरोबरची जी जुगलबंदी आहे, तिच्यातील दुसरा आवाज त्यांचाच. १९५५ साली, अवघ्या चौतीसाव्या वर्षी ते गेले. ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणीची मुद्रणे उरली, म्हणून आज तो आवाज ऐकता येतो.

या साऱ्यांत एक उणी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ग्वाल्हेरची गायकी ज्या नत्थन पीरबक्ष, हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घरातून आली ते मुसलमान उस्ताद होते. हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे बाळकृष्णबुवा आणि त्यांचे विष्णू दिगंबर, अशी ही साखळी. पलुसकरांच्या चळवळीने गाणे मध्यमवर्गीय घरांत नेले, मुलींना तंबोरा हाती घेता येऊ लागला. पण ते नेताना त्याला भजन-प्रार्थनेचे, हिंदू भक्तीचे वळण दिले, आणि उस्तादांची घरे या नव्या शाळांच्या बाहेरच राहिली, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. १९२३ साली काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धर्माचे कारण देऊन गायनाला हरकत घेतली आणि पलुसकरांनी ती न मानता गीत पूर्ण केले. या प्रसंगाकडे कोणी बाणेदारपणा म्हणून पाहतो, कोणी दुराव्याची खूण म्हणून. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मंडळाच्या परीक्षेला मात्र आज जातीधर्माची अट नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी टीका परीक्षांविषयीच आहे. पूर्वी एक राग वर्षभर चाले. आता अभ्यासक्रमातले राग सत्रात ‘उरकले’ जातात, पाठ केलेल्या ताना घड्याळ लावून म्हटल्या जातात आणि प्रमाणपत्र हाती पडले की तंबोरा माळ्यावर. महाराष्ट्र शासनाने गेल्या दशकात शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याचे ठरविल्यापासून, काही घरांत संगीताचा विचार गुणांपासून सुरू होऊन गुणांपाशीच संपतो. आमच्या धर्मग्रामांत फिरताना हे मी पाहिले आहे. पण परीक्षेला नावे ठेवणाऱ्यांनी हाही विचार करावा की परीक्षा नसती, तर पैठण किंवा वैजापूरच्या मुलीला यमन आणि भूप यांची ओळख कोणी करून दिली असती? जन्माने घराण्यात नसलेल्या, पैसा नसलेल्या, गुरूच्या घरी दहा वर्षे राहणे शक्य नसलेल्या मुलांसाठी हा एकच दरवाजा आहे. आपल्याला तानसेन नव्हे तर कानसेन निर्माण करायचे आहेत, असा पलुसकरांचा आशय सांगितला जातो. त्या मापाने पाहिले तर परीक्षा पुरी अपयशी ठरत नाही.

आता आपल्या घरचे. कधी कधी एखादी माता विचारते, ‘फादर, मुलीला बंदिशी शिकवितात त्यांत कृष्णाचे नाव असते, चालेल का?’ या प्रश्नाची थट्टा करू नये. बंदिशीतील शब्द हे त्या परंपरेच्या भक्तीचे शब्द आहेत. ते आदराने शिकावेत, समजून घ्यावेत. एखादी कला शिकणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत केलेल्या उपासनाविषयक संविधानात, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे त्यांच्या त्या परंपरेला उपासनेत योग्य मान आणि स्थान द्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. शिवाय मिशनऱ्यांच्या शिक्षणात त्या संगीताची तयारी व्हावी, अशीही अपेक्षा व्यक्त केली आहे. मुंबईत अंधेरीला ज्ञान आश्रम उभा करणारे जर्मन धर्मगुरू फा. जॉर्ज प्रोक्श यांनी ते काम परिषदेच्या आधीच हाती घेतले होते. ते स्वतः भारतीय संगीत शिकले आणि त्यांत त्यांनी ख्रिस्ती भजने रचली.

मराठवाड्याच्या गावांतून आपली भजनी मंडळे ढोलकी, टाळ आणि पेटीवर जी गीते गातात, त्यांतील कितीतरी चाली कोणी रचल्या हे आज सांगता येत नाही. त्या कोठे लिहिलेल्या नाहीत. जुन्या कॅटेकिस्ट मंडळींच्या गळ्यात त्या आहेत, आणि ती मंडळी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. देवगिरीच्या रचनांचे जे झाले ते या चालींचे व्हायला तीन शतके लागणार नाहीत. एक पिढी पुरेल. ज्या मुलांनी मध्यमापर्यंतची परीक्षा दिली आहे त्यांना स्वरलिपी लिहिता येते. त्यांना वही आणि मोबाइल घेऊन आजोबांसमोर बसवावे: आधी ध्वनिमुद्रण, मग गीताचे शब्द, मग स्वर, आणि शेवटी गाव व गाणाऱ्याचे नाव. एका चालीला एक दुपार लागते. वही धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवावी, आणि पुढच्या सणाला त्याच मुलांनी ती चाल लिहिलेल्याबरहुकूम गाऊन पाहावी, आजोबा समोर असतानाच. म्हणजे कोठे चुकले हे सांगायला कोणी तरी असेल.